त्रेचाळिसाव्या पानाची चिठ्ठी

त्याला खरं नाव होतं, पण ते छापखान्याच्या हजेरीपटावर. बाकी सगळे त्याला शुद्धिपत्र म्हणत. मालक म्हणत, अक्षरांचे खिळे जुळवणारे म्हणत, यंत्रावरची माणसं म्हणत आणि पुढे पुढे तर त्याची सख्खी सासूही म्हणायला लागली. पुस्तकात चुका राहून गेल्या की 'अमुक ऐवजी तमुक वाचावे' अशी जी चिठ्ठी आत चिकटवतात, ती म्हणजे शुद्धिपत्र. प्रुफं तपासण्याच्या नोकरीवर असलेल्या माणसाला हे नाव पडणं हा मान की अपमान, हे त्याने कधी तपासलं नाही. बाकी सगळं तपासलं. दुकानांच्या पाट्या तपासल्या, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना तपासल्या. लेकीच्या प्रगतिपुस्तकात तर बाईंनी लिहिलेल्या शेऱ्यातली वेलांटी सुधारून मग खाली पालकाची सही केली. लेक दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण हे नाव त्याला चुका शोधल्याबद्दल मिळालं नव्हतं. एक चूक केल्याबद्दल मिळालं होतं, आणि त्या चुकीने त्याला बायको मिळवून दिली म्हणून ती सांगताना तो कधी लाजत नसे. आता मात्र ती गोष्ट त्याच्यापुढे काढायची सोय राहिलेली नाही.

तेव्हा तो पंचविशीचा होता. कामावर लागून तीन महिने झालेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे नव्वद झाले तरी उत्साह ओसरला नव्हता. तिथली प्रुफं तपासायची पद्धत जुनी, दोन माणसांची. एकाने लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील प्रुफावर लाल पेन्सिल फिरवत ऐकत जायचं. मूळ प्रतीला तिथे कॉपी म्हणत, म्हणून ती वाचणारी ती कॉपीबाई. कॉपीबाईने नुसते शब्द वाचून भागत नसे, चिन्हंही वाचावी लागत. 'तो आला स्वल्पविराम खुर्चीत बसला पूर्णविराम नवा परिच्छेद', असं दिवसभर. बाहेरच्या माणसाने दाराशी उभं राहून ऐकलं असतं तर आत कुणाला तरी भ्रम झालाय असं वाटलं असतं.

तपासणीची खोली यंत्रांच्या खोलीला अगदी चिकटून होती. भिंतीपलीकडे दिवसभर धडधड. वाचणारीचा आवाज कसाबसा ऐकू येई, पण मध्येच 'थांबा' म्हटलेलं तिला कळत नसे. म्हणून तिथे ठोक्यांची रीत पडली होती. तपासणाऱ्याने पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर एकदा आपटलं की थांबायचं, शब्द अर्धा असला तरी अर्ध्यावर थांबायचं. दोनदा आपटलं की पुढे. ठोका कानाला ऐकू आला नाही तरी टेबलावर टेकलेल्या कोपराला कळत असे. एक ठोका, थांब. दोन ठोके, चल पुढे. एवढीच त्या खोलीची भाषा.

त्या वेळी कॉपीबाई म्हणून जी मुलगी होती तीही नवीच होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली, आणि आवाज मात्र असा की यंत्रांनाही तिने गप्प बसवावं. अंगाच्या मानाने तो आवाज फारच मोठा होता, त्यामुळे ती पहिल्यांदा बोलली की नवा माणूस मागे वळून बघायचा, दुसरं कोण बोललं म्हणून.

तर एक पुस्तक आलं. प्रवाशांसाठी स्पॅनिश शब्दांचं, खिशात मावेल एवढं. लिहिणारे एक म्हातारे भाषामास्तर, बंदरावर खलाशांना शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला होता. पानात तीन रकाने होते. आधी आपल्या लिपीत स्पॅनिश शब्द, मग तो नाम की क्रियापद, मग अर्थ. त्रेचाळिसाव्या पानावर प्रवासाचे शब्द होते. ती वाचत होती, त्याची पेन्सिल फिरत होती.

"बेन्ताना. नाम. खिडकी. नवी ओळ. बियाखे. नाम. प्रवास. नवी ओळ. बियाखे. क्रि—"

टक्.

ती थांबली. "डबल आहे," तो म्हणाला. खिळे जुळवताना तीच ओळ चुकून दोनदा लागते, त्याला छापखान्यात डबल म्हणतात. अशी चूक सापडली की तपासणाऱ्याला दिवाळं निघालेल्या घरात खजिना सापडल्याचा आनंद होतो.

"पण कॉपीतही दोनदाच लिहिलंय," ती म्हणाली.

"मग लिहिणाऱ्याचा हात घसरला असेल. तोच शब्द एकाखाली एक दोनदा कशाला हवा?"

"दुसऱ्या ओळीत क्रियापद म्हणून—"

"अहो, मास्तर सत्तरीचे आहेत. होतं असं. चला पुढे."

टक् टक्. ती पुढे गेली. त्याने ओळीवर लाल रेघ मारली, आणि दोन हजार प्रती छापून, शिवून, बांधून तयार झाल्या.

मास्तर आपली प्रत न्यायला आले आणि उभ्या उभ्या पुस्तक चाळता चाळता त्रेचाळिसाव्या पानावर थांबले. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. ते खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाळांनो, त्या लोकांकडे प्रवासालाही बियाखे म्हणतात आणि समोरच्याला 'प्रवास करा' म्हणायचं असलं तरी बियाखेच म्हणतात. एकदा नाम, एकदा क्रियापद. तुम्ही नाम ठेवलंत आणि क्रियापद उडवलंत. म्हणजे माझा वाचक आता प्रवासाच्या गप्पा मारत बसणार, निघणार कधीच नाही."

मालकांनी मग चिठ्ठी छापली. 'पान ४३, ओळ १२ नंतर पुढील ओळ वाचावी: बियाखे, क्रियापद, प्रवास करा. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' बरोबर दोन हजार चिठ्ठ्या. चिकटवायच्या कुणी? ज्याने ओळ खाल्ली त्यानेच निस्तरावं. पण मालकांचा न्याय असा की तपासणारा आणि वाचणारी दोघंही जबाबदार. तिचा काडीचा दोष नसताना तीही त्या टेबलाशी बसली. एकीकडे खळीचा डबा, मध्ये पुस्तकांचा ढीग.

तिने 'मी सांगितलं होतं' म्हणावं म्हणून तो पहिला दिवस वाट पाहत राहिला. दुसरा दिवस गेला. तिसराही गेला. ती चिठ्ठीला खळ लावायची आणि पान उघडून त्याच्यापुढे धरायची, तो बोटाने दाबायचा. चौथ्या दिवशी त्याला सहन होईना.

"तुम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. आणखी दहा-बारा प्रती झाल्यावर विचारलं, "पुढच्या वेळी ऐकाल?"

"ऐकेन."

शेवटच्या दिवशी एक चिठ्ठी फाटली. एक प्रत चिठ्ठीवाचून उरली. ती म्हणाली, "ही मी ठेवते." तो म्हणाला, "मलाही हवी होती." ती म्हणाली, "प्रत तर एकच आहे." आणि हा शब्दांशी खेळण्यात अगदी ढ असलेला माणूस, कान लाल करून म्हणाला, "मग एकाच घरात ठेवावी लागेल." तिने खळीच्या डब्याला झाकण लावलं. मग त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि टेबलावर दोनदा आपटली.

टक् टक्.

संसार त्यांचा चार लोकांसारखाच झाला, फक्त जरा जास्त मोठ्या आवाजात. विरामचिन्हं वाचायची तिची सवय घरीही गेली नाही. "अहो शुद्धिपत्र स्वल्पविराम दूध उतू जातंय पूर्णविराम," असं ती बैठकीच्या खोलीतून ओरडायची. भांडण झालं की "तुमच्या आईने मला काय म्हटलं प्रश्नचिन्ह" असं म्हणून तीच आधी हसायची आणि भांडण तिथेच विरून जायचं. लेक झाली. ती शाळेत जाण्याआधी परिच्छेद म्हणजे काय ते शिकली.

यंत्रं बदलली, खिळे गेले, संगणक आले. मालकांच्या मुलाने सांगितलं की आता मोठ्याने वाचून तपासायची गरज उरलेली नाही. कॉपीबाईची जागा गेली. तेव्हा शुद्धिपत्र प्रुफं घरी आणायला लागला. जेवायच्या टेबलावर ती समोर बसे आणि वाचे, तो तपासे. शेजारी राहणाऱ्या शिंपीणबाईंचं शिवणयंत्र दिवसभर चालायचं, त्यामुळे धडधडीचीही उणीव भासली नाही. एक ठोका, दोन ठोके. चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं त्या दोघांच्या मधून गेली.

आणि प्रवास? तो राहिला. स्पॅनिश बोलतात तिथे एकदा तरी जाऊन यायचं, हे खळीच्या डब्याशीच ठरलं होतं. बॅग घेऊन ठेवली होती. तिच्यात हिवाळ्याचे कपडे ठेवत. भाजी चिरताना ती त्रेचाळिसावं पान म्हणायची, मालेता म्हणजे बॅग, सालिदा म्हणजे बाहेर जायची वाट, त्रेन म्हणजे आगगाडी, सगळं पाठ. दर वर्षी ती विचारायची आणि दर वर्षी तो म्हणायचा, "एवढं पुस्तक हातावेगळं होऊ दे." पुस्तकं काय, संपतात थोडीच. मास्तरांचा शाप म्हणावा तर मास्तर शाप देणाऱ्यातले नव्हते. दोष याचाच होता, आणि तो त्याला तेव्हाही कळत होता. कळत होतं पण वळत नव्हतं.

तिच्या वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सकाळी चहाचा कप उचलताना, तिच्या हातातून कप निसटला. ती काहीतरी म्हणाली आणि ते काही शब्द नव्हते. अर्धांगवायू. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवा हात निकामी होता, चालताना पाय ओढत होता, आणि तो आवाज, यंत्रांना गप्प बसवणारा, गेला होता. 'हं' एवढा एकच उच्चार उरला होता. भूक लागली तरी हं, दुखलं तरी हं, लेक समोर आली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी हं. सगळं कळत होतं तिला. हेच फार वाईट होतं.

आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. तरुण होत्या, पण अनुभवी. त्या चित्रं दाखवायच्या, कप, खुर्ची, झाड. हं, हं, हं. जाताना त्या त्याला दारात म्हणाल्या, "काका, आयुष्यभर तोंडात बसलेलं काही असेल तर तेच आधी परत येतं. गाणं, पाढे, काहीही. रोज तासभर बसा त्यांच्याबरोबर. एकच सांगते, चुकल्या तर टोकू नका. एकदा टोकलं की असा पेशंट तोंड मिटून घेतो."

"मी आणि टोकणार नाही?" तो म्हणाला. बाई हसल्या. तो हसला नव्हता. त्याने त्याच संध्याकाळी लाल पेन्सिल टेबलाच्या खणात टाकली आणि घरी येणारी प्रुफं बंद केली. त्याला आता आयुष्यात एवढंच हवं होतं की तिने बोलावं. काय बोलेल ते बोलावं. चुकीचं बोलावं, शिव्या द्याव्यात, पण त्या 'हं'च्या पलीकडून यावं.

पाढे झाले, लेकीच्या लहानपणची गाणी झाली. दीड महिना गेला. एके दिवशी त्याने चिठ्ठी नसलेली ती प्रत काढली, त्रेचाळिसावं पान उघडून तिच्यापुढे ठेवली आणि तिचं डावं बोट पहिल्या ओळीवर टेकवलं. ती पानाकडे बघत राहिली. मग मान वर करून त्याच्या रिकाम्या हाताकडे बघितलं. "हं," म्हणाली. परत हाताकडे. त्याला काही कळेना. शेवटी तिने डावा हात लांब करून खणाच्या मुठीवर ठेवला.

त्याने पेन्सिल काढली. ती उलटी धरली. दोनदा आपटली.

टक् टक्.

"मा," ती म्हणाली. "मा-ले-ता."

बॅग. घरी आल्यापासून सत्तेचाळीस दिवसांनी तिच्या तोंडून आलेला पहिला शब्द. तो टेबलावर डोकं ठेवून रडला आणि ती आपली डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर थोपटत राहिली.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवणं झाली की दोघं टेबलाशी बसू लागले. दोन ठोके दिले की ती सुरू होई. पहिल्या दिवशी एक शब्द, आठवड्याने तीन ओळी. कधी नाम म्हणायचं राहून जाई, कधी बॅगेला पिशवी म्हणे. तो ओठ घट्ट मिटून बसे. पुस्तक तिच्यापुढे असे, तो समोरून उलट्या ओळी वाचत असे, खिळ्यांच्या काळापासून त्याला ती सवय होती. चूक ऐकली की त्याच्या मनगटात कळ यायची, पण एकदाही त्याने एक ठोका दिला नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जादूगार आहात." लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तीन तासांच्या अंतरावर. ती रोज फोनवर विचारायची, आज किती ओळी.

आणि मग तो बुधवार आला. सकाळपासून तिचा चेहरा उजळ होता. टेबलाशी तीच आधी जाऊन बसली. दोन ठोके झाले आणि ती वाचायला लागली ती थांबेचना. शब्द, नाम, अर्थ. वर "नवी ओळ" सुद्धा म्हणाली, आजारपणानंतर पहिल्यांदाच. आवाज फाटका होता, पण तोच होता. पाच ओळी, सात, नऊ. जणू चाळीस वर्षांपूर्वीची ती खोली परत आली होती, शेजारी यंत्र धडधडत होतं, आणि तो पंचविशीचा होता.

"बेन्ताना. नाम. खिडकी. नवी ओळ," ती म्हणाली. "बियाखे. नाम. प्रवास. नवी ओळ. बियाखे. क्रि—"

टक्.

त्याने विचार केला नव्हता. छापील पानावर पुढची ओळ बिसादो होती, व्हिसा. ती बियाखेच परत वाचत होती. हात आपोआप गेला, इतकंच.

ती थांबली, अर्ध्या शब्दावर.

तो ठोका आपण दिला हेही त्याला नीट कळलं नाही, कारण आनंद डोक्यात गेला होता. बारा ओळी. न चुकता बारा ओळी. तो उठला आणि अनवाणीच शेजारी गेला. "अहो शिंपीणबाई, पूर्ण बारा ओळी वाचल्या हो तिने." शिंपीणबाईंनी यंत्र थांबवून डोळे पुसले. तिथूनच त्याने लेकीला फोन लावला. लेक रडली, मग हसली, मग परत सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. नाही म्हटलं तरी पंधरा-वीस मिनिटं गेली.

परत आला तेव्हा ती तशीच बसली होती. बोट ओळीवर. तोंड किंचित उघडं. त्याच्याकडे बघितलं, मग टेबलावर पडलेल्या पेन्सिलीकडे.

"दमलीस," तो म्हणाला. "पुरे आज. उद्या वाचू."

तिने मान हलवली. डावा हात पेन्सिलीवर ठेवला आणि ती त्याच्याकडे सरकवली. "हं," म्हणाली. "हं."

"उद्या," तो लाडाने म्हणाला. "सगळं एकाच दिवशी संपवायचंय का?" त्याने पुस्तक मिटलं, पेन्सिल खणात टाकली, आणि तिला धरून पलंगापर्यंत नेलं. ती त्या दिवशी पुढे काही बोलली नाही. त्याला वाटलं, थकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिचे केस विंचरत असताना तिला दुसरा झटका आला.

दवाखान्यात ती बेशुद्धच होती. लेक आली. डॉक्टर जे सांगत होते त्यात धीर देण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेरच्या बाकावर बसला होता. येताना कपड्यांबरोबर ते पुस्तकही पिशवीत आलं होतं. शुद्धीवर आली तर वाचेल, म्हणून. त्याने चाळा म्हणून त्रेचाळिसावं पान उघडलं आणि सवयीने बाराव्या ओळीखाली बोट नेलं. तिथे चिठ्ठीच्या जागी कोरा समास होता. ही ती प्रत. ही चिठ्ठी नसलेली प्रत.

मग त्याला सगळं एकदम दिसलं. ती चुकली नव्हती. पानावर नसलेली ओळ ती वाचत होती, कारण मास्तरांच्या कॉपीत ती होती आणि चाळीस वर्षं तिच्या तोंडात होती. तिचं बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं आणि बुधवारीही बरोबर होतं, आणि दोन्ही वेळा त्याच शब्दावर, त्याच अक्षरावर, त्याने तिला गप्प केलं होतं. पुढच्या वेळी ऐकाल? ऐकेन. आणि ती दमलीही नव्हती. तिला एक ठोका मिळाला होता म्हणून ती थांबली होती. दोन ठोक्यांची वाट बघत ती वीस मिनिटं तोंड उघडं ठेवून बसली होती, पेन्सिल सरकवून मागत होती, आणि तो म्हणाला होता, उद्या.

लेक चहा घेऊन आली तेव्हा तो बाकावर वाकून बसलेला होता. त्याने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ठोक्याने कुणाला झटका येत नाही. डॉक्टरांना विचारा हवं तर."

"ते मला कळतं गं," तो म्हणाला. "झटका माझ्यामुळे आला असं नाही म्हणत मी. पण तिला बोलायचं होतं. इतक्या महिन्यांनी तिला बोलायचं होतं आणि मी तिला अर्ध्या शब्दावर ठेवून गावभर सांगत सुटलो की ती बोलते."

लेकीने पर्समधून आपली साधी पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली.

तो आत गेला. पलंगाला लोखंडी कठडा होता. तिचा डावा कोपर कठड्याला टेकला होता. त्याने पेन्सिल उलटी धरली आणि दोनदा आपटली. टक् टक्. वाट पाहिली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. परत दोनदा. नर्स आली. "काका, पेशंटजवळ आवाज नको."

"दोनच ठोके आहेत," तो म्हणाला. "राहिलेत माझ्याकडे."

नर्सने लेकीकडे बघितलं आणि ती बाहेर गेली. भेटायची वेळ संपेपर्यंत तो दोन दोन ठोके देत राहिला. चौथ्या दिवशीही दिले. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली, आणि तेव्हाही तिचं तोंड तसंच किंचित उघडं होतं.

लेक महिनाभर राहिली. जायच्या आदल्या दिवशी ती घर आवरत होती. बॅगेतले हिवाळ्याचे कपडे काढून तिने कपाटात रचले आणि विचारलं, "बाबा, ही बॅग मी नेऊ?" तो म्हणाला, "ने. कुठेतरी जाईल तरी." मग टेबलावरचं पुस्तक तिने हातात घेतलं. "आणि हे?"

"ते राहू दे. त्यात एक काम राहिलंय."

ती गेल्यावर त्याने कागदाची एक पट्टी कापली. पूर्वी छापील असायची तेवढीच. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं: 'पान ४३, ओळ १२ नंतर पुढील ओळ वाचावी: बियाखे, क्रियापद, प्रवास करा. वाचणारीचे बरोबर होते. चूक तपासणाऱ्याची.' दिलगीर आहोत असं लिहायला गेला, पण ते शब्द त्याला फार लहान वाटले आणि त्याने ते लिहिले नाहीत. चिठ्ठीला खळ लावली, कोऱ्या समासात ठेवली आणि बोटाने दाबून धरली. दोन हजारावी प्रत. चाळीस वर्षांचं राहिलेलं काम.

मग त्याने पुस्तक तिच्या बाजूला, तिच्या खुर्चीपुढे उघडं ठेवलं. स्वतः समोर बसला. खणातून लाल पेन्सिल काढली, उलटी धरली, आणि टेबलावर दोनदा आपटली.

शेजारी शिंपीणबाईंनी यंत्र थांबवलं. सगळीकडे शांत झालं. तो कोपर टेबलाला टेकून, मान वर करून, समोर बघत बसून राहिला. त्या बुधवारी ती बसली होती तसा.